सर्व्हर म्हणतो, रान ओलं आहे

“साहेब, आमच्या कांद्याला तहान लागली, हे आधी कुणाला कळणार? आम्हाला का तुमच्या सर्व्हरला?”

प्रश्न माझ्या डोक्यातला होता, पण विचारायची खुमखुमी अनुपमाची. अनुपमा माझ्या बाकावर बसते. दहावी ब. स्वतः ती वर्गात कधी तोंड उघडत नाही, पण दुसऱ्याला उठवून बसवायचं असेल तर अख्ख्या न्हावऱ्यात तिच्यासारखी दुसरी नाही. “विचारून दाखव, आठवडाभर माझ्या डब्यातली शेंगापोळी तुझी,” ती कानात म्हणाली. मागच्या पोरींनी मला कोपरानं ढोसलं. आणि मी उठले.

डेअरीच्या आवारात मंडप घातला होता. स्टेजवर पुण्याच्या कंपनीचे पृथ्वीराज सर होते. ‘सर’ अशासाठी की त्यांच्याकडे लॅपटॉपची बॅग होती. मधल्या मोठ्या खुर्चीत डेअरीचे चेअरमन बापूसाहेब. गावात कार्यक्रम कशाचाही असो, मधली खुर्ची भरायचं काम बापूसाहेब विनातक्रार करतात. सरांनी नुकतंच सांगितलं होतं, की इथून पुढे शेत शेतकऱ्याशी बोलणार. माती मोबाईलवर निरोप धाडणार आणि मोटार आपली आपण चालू होणार.

“छान प्रश्न!” सर हसले. “दोघांनाही एकाच वेळी कळणार, ताई.”

शेंगापोळी पक्की झाली होती. मी खाली बसायला हरकत नव्हती. पण शंभर माणसं आपल्याकडे बघतायत आणि आपण मेलो नाही, हे मला आयुष्यात पहिल्यांदाच कळलं होतं. मग कशाला बसतेय?

“एकाच वेळी कसं? कांदा आमच्या रानात. सर्व्हर कुठाय?”

“मुंबईत.”

“म्हणजे आधी मुंबईला कळणार, मग न्हावऱ्याला.”

मंडप हसला. तिसऱ्या रांगेतले माझे आप्पा तेवढे हसले नाहीत. ते स्वतःच्या चपलांकडे बघत होते. सर मात्र हुशार. “कुणाची मुलगी?” त्यांनी विचारलं. आप्पांना उभं राहावंच लागलं. “मग ठरलं! गावातला पहिला सेन्सरचा डबा यांच्याच रानात. एक हंगाम फुकट. ताईच सांगेल गावाला, कुणाला काय कळतं ते.” टाळ्या पडल्या. बापूसाहेबांनीही वाजवल्या, म्हणजे प्रश्नच मिटला.

घरी येताना आप्पांनी कॅनॉलच्या वळणावर गाडी हळू केली. मग म्हणाले, “लई बोलायची हौस हाय ना, प्रतिभे? आता सांभाळ ते मशीन.”

“सांभाळते,” मी म्हणाले. अंगात अजून टाळ्या होत्या. “पण मग दहावीनंतर मी डिप्लोमा करणार. इलेक्ट्रॉनिक्सचा. दौंडला.”

आप्पांनी गाडी थांबवली. समोर ना खड्डा, ना म्हैस. त्यांच्या हिशेबात माझं सगळं कधीच ठरलं होतं. अकरावी आर्ट्स, गावातलंच कॉलेज, घरापासून पाच मिनिटं, दुपारी घरी येऊन शेळ्यांना पाला.

“कांदा नीट निघाला तर बघू,” ते म्हणाले. “कांदा गेला, तर गप आर्ट्स घ्यायचं. परत डिप्लोमाचं नाव तोंडातनं काढायचं न्हाई.”

“चालतंय.”

असं माझं अख्खं दौंड आमच्या अर्ध्या एकर कांद्यात लावलं गेलं.

पुढच्या आठवड्यात डबा बसला. बसवायला दोन पोरं आणि फोटो काढायला पाच माणसं. बांधाच्या कडेला, रस्त्यालगत कंपनीची पाटी असलेला एक खांब उभा राहिला. वर हिरवा दिवा. खांबाच्या बुडाशी मातीत दोन सळया खोचल्या आणि सळयांना मुठीएवढी एक डबी लावली. झालं. हेच ते बोलणारं शेत.

आता ते बोलतं कसं, हे गावात सगळ्यांनी मला विचारलं. मी सांगताना आमच्या घराचं उदाहरण द्यायचे. माझी आई आणि काकू गेल्या दिवाळीपासून बोलत नाहीत. स्वयंपाकघर एकच. आईला मीठ हवं असेल तर ती मला सांगते, मी चुलतभावाला सांगते, तो काकूला सांगतो, आणि काकू हातभर अंतरावरून मिठाची बरणी सरकवते. डब्याचंही तसंच. सळया मातीतला ओलावा चाचपतात. डबी त्याचा आकडा करते. तो आकडा रेडिओवरून मोटारीच्या खोलीवरल्या पांढऱ्या पेटीकडे जातो. पेटीत मोबाईलसारखं सिमकार्ड असतं. ती आकडा टॉवरला देते, टॉवर मुंबईच्या सर्व्हरला. सर्व्हर बघतो, आकडा तीसच्या खाली आहे का वर. खाली असेल तर हुकूम सुटतो, त्याच वाटेनं परत येतो आणि मोटारीचा स्टार्टर ओढला जातो. कांदा आणि मोटार यांच्यात चाळीस पावलांचं अंतर. पण बोलणं मुंबईमार्गे.

मध्येच रेंज गेली तर पेटी आकडे साठवून ठेवते आणि रेंज आली की सगळे एकदम ओतते. काकूही साठवते. पण ती ओतायला दिवाळीच गाठते.

आमच्या फीडरला, म्हणजे शेतीच्या मोटारींच्या लाईनीला, सकाळी आठ वाजता लाईट येते. लाईट आली की सर्व्हर एकदा आकडा विचारणार आणि त्या दिवसाचा निर्णय घेणार. पृथ्वीराज सरांनी अट घातली, की एकवीस दिवस कुणीही स्टार्टरला हात लावायचा नाही. तरच सिस्टीमची खरी परीक्षा होईल. आप्पांनी ही अट गावभर सांगितली. चहाच्या टपरीवर, डेअरीच्या रांगेत, न विचारता. “आपुन हातच लावत न्हाई,” ते म्हणायचे, जसा काही हात न लावण्यातच मोठा पराक्रम होता.

रोज सकाळी आठ वाजून एका मिनिटाला आप्पांच्या मोबाईलवर हिरवा थेंब यायचा. ‘रान ओलं आहे. पाणी नको.’ आप्पा तो आईला दाखवायचे, मला दाखवायचे, म्हशीचं दूध न्यायला आलेल्यालाही दाखवायचे.

नवव्या दिवशी आईनं मोबाईल बाजूला सारला. “पाती बघा की जरा. माना टाकल्यात सगळ्यांनी.”

“रान ओलं हाय.”

“कुणी सांगितलं?”

“सर्व्हरनं.”

“त्यो आला व्हता का रानात?”

आई रानात गेली, दोन बोटं मातीत खुपसली आणि कोरडी बोटं आप्पांसमोर धरली. आप्पांनी बोटं बघितली. मग मोबाईल बघितला. दोघांत मोबाईल जास्त शिकलेला होता.

तरी त्यांनी कंपनीला फोन लावला. पलीकडची बाई फार गोड होती. “सर, तुमची सिस्टीम एकदम हेल्दी दिसतेय.” आप्पांनी स्पीकर लावला होता. आई चुलीपुढून ओरडली, “सिस्टीम हेल्दी हाय, कांदा आजारी हाय, असं सांगा तिला!”

बाराव्या दिवशी बापूसाहेब पाहणीला आले. गाडीतून उतरले, बांधावर उभे राहिले, आप्पांचा मोबाईल हातात घेतला, डोळ्यांपासून लांब धरला आणि म्हणाले, “हिरवं तर दिसतंय की.” समोर अर्धा एकर पिवळा पडला होता. तो बघायला त्यांना मान फक्त एवढीशी वर करायची होती. पण ते घाईत होते. वरवंडला लग्न होतं.

ते गेल्यावर आप्पा माझ्याकडे वळले. आवाज चढवला नाही, हेच वाईट. “तू सांभाळणार व्हतीस ना? अजून चार दिवस असंच ऱ्हायलं तर कांदा गेला. आन् ठरलेलं हाय आपलं.”

“मग मोटार चालू करा.”

“गावाला सांगून बसलोय. एकवीस दिवस म्हंजी एकवीस दिवस.”

माझ्या बोर्डाच्या परीक्षेला तीन आठवडे उरले होते. विज्ञान भाग एक उघडा होता, पण डोळ्यांसमोर आर्ट्सचं कॉलेज, पाच मिनिटं, शेळ्यांचा पाला. मी आप्पांचा मोबाईल घेतला आणि त्या हिरव्या थेंबावर बोट दाबून धरलं. बारा दिवसांत घरातल्या कुणीच ते केलं नव्हतं. मीही नाही, कबूल करते. थेंबाच्या आड एक आलेख निघाला.

आलेख म्हणजे फणी होती. रोज एक दात. रेघ सकाळी उभीच्या उभी वर जायची, मग दिवसभर घसरत रात्रीपर्यंत तळाला यायची. दुसऱ्या दिवशी परत वर. वर जायची वेळ सात-वीस. कधी सात-अठरा, कधी सात-पंचवीस. आठ वाजता सर्व्हर विचारायचा, तेव्हा आकडा नेहमी साठच्या पुढे. आठनंतर रेघ कुठे पडते, हे त्या बिचाऱ्याला विचारायचंच नसायचं. त्याचं काम दिवसातून एकदाच.

म्हणजे फेब्रुवारीत, फक्त आमच्या रानात, फक्त त्या दोन सळयांवर, रोज सकाळी सात-वीसला पाऊस पडत होता.

दुसऱ्या दिवशी सातलाच मी घासाच्या वाफ्याआड जाऊन बसले. हातात पुस्तक, म्हणजे कुणी विचारलंच तर अभ्यास. सात वाजून एकोणीस मिनिटांनी पाऊस आला. पावसानं धोतर नेसलं होतं, खांद्यावर घोंगडी होती आणि हातात तांब्या.

माझे आबा. आप्पांचे वडील, रखमाजी. आयुष्यातली पंचवीस वर्षं त्यांनी मेंढरांमागे काढली, मग इथे स्थिरावले. आता गुडघे बोलतात, पण रोजची एक फेरी सुटत नाही. आबांनी खांबाला चिमूटभर भंडारा लावला, तांब्या बुडाशी ओतला, बरोबर सळयांवर, आणि खांबाशी बोलायला लागले. “काय, रातच्याला डुकरं न्हाई ना आली?”

मी पुढे झाले. “आबा, काय करताय?”

“पानी देतोय.” जसं काही मीच वेडी.

“खांबाला?”

“दिसरात उभं हाय बिचारं आपल्या रानात. राखण करतंय. आल्यागेल्याला आपुन तांब्याभर पानी देतो का न्हाई? मग ह्याला नको व्हय?”

“आबा, ते राखण नाही करत. ते माती ओली हाय का कोरडी, एवढंच बघतं आणि मुंबईला कळवतं. तुम्ही पाणी घातलं की ते लगेच कळवतं.”

“कळवू दे की! रखमाजीनं पानी पाजलं म्हणून सांगू दे.”

“ते तुमचं नाव नाही सांगत. ते सांगतं, सगळं रान ओलं हाय. म्हणून मोटार लागत नाही. म्हणून कांदा वाळतोय.”

आबांनी तांब्याकडे बघितलं. मग अर्ध्या एकराकडे बघितलं. मग खांबाकडे.

“तांब्याभर पान्यानं सगळं रान ओलं हुतंय व्हय? येडं हाय का काय ते?”

मी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. पुण्याच्या कंपनीनं, मुंबईच्या सर्व्हरनं, गोड बाईनं आणि बापूसाहेबांनी मिळून बारा दिवसांत जे विचारलं नाही, ते आबांनी एका दमात विचारलं होतं.

मग आबांचं तोंड उतरलं. “म्हंजी माझ्यामुळं झालं ह्ये. प्रतिभा, संपतला, तुझ्या बापाला, सांगू नगंस.”

मागच्या वर्षी आबा बांधावरून पडले, तेव्हापासून आप्पा त्यांना ओट्यावर बसवायचं निमित्त शोधतायत. हे कळलं असतं तर फेरी बंदच. ओट्यावर बसून आबा काय करणार? येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या मोजणार? आणि सांगितलं नाही तर आप्पा काय म्हणणार, तेही मला पाठ होतं. एकीकडे आबांचं रान, दुसरीकडे माझं दौंड. पृथ्वीराज सरांच्या ॲपमध्ये अशा वेळी कुठला थेंब येतो, कुणास ठाऊक.

पण सळया काही खांबाला वेल्डिंग केलेल्या नव्हत्या. डबी रेडिओवर बोलते, तिला खांब लागतच नाही. खांबाला फक्त दिवा आणि पाटी. मग सळया तिथेच, बांधाच्या कडेला, का? कारण रस्त्यावरून फोटोत पाटी आणि सळया दोन्ही यायला हव्या होत्या. जागा बापूसाहेबांनी काठीनं दाखवली होती, “हितं लावा, हितं दिसतंय.” कांद्याला काय दिसतं, ते कुणी बघितलंच नव्हतं.

डबीवर स्टिकर होता, ‘हात लावू नये’. मी लावला. आबांनी खुरप्यानं माती मोकळी केली, मी सळया ओढून काढल्या, वाफ्यांच्या बरोबर मधोमध नेऊन तितक्याच खोल खोचल्या आणि भोवतीची माती पायानं दाबली.

“मग मी पानी कुणाला घालू?” आबांनी विचारलं.

“खांबाला घाला की. खांब कुणाला काही कळवत नाही.”

आबांना ते पटलं. तो सोमवार होता. आठला लाईट आली. मी मोटारीच्या खोलीशी उभी होते. सर्व्हरनं विचारलं, डबीनं सांगितलं, चौदा. आणि खट् करून स्टार्टर बसला. पाणी ठिबकच्या नळ्यांतून फुरफुरत सुटलं. आप्पा दात घासता घासता ब्रश घेऊनच पळत आले. “कुणी चालू केली?” “मुंबईनं,” मी म्हणाले.

गुरुवारी पृथ्वीराज सर आले. सोबत बापूसाहेब आले, म्हणजे फोटोवालाही आला. पाती उभ्या राहू लागल्या होत्या. सर खूश. “तुमचा फोन आल्यावर आमच्या टीमनं लगेच लक्ष घातलं. सर्व्हरवरून अपडेट टाकलं. आता सिस्टीम परफेक्ट शिकलीय.”

आप्पांनी सरांना हात जोडले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “बघ. ह्यास्नी पुण्यातनं बसून दुरुस्त केलं. तू हितं असून काय केलंस? आर्ट्सच बरं तुला.”

मला मंडपातल्यासारखंच झालं. फरक एवढाच, की या वेळी कानात अनुपमा नव्हती.

“सर, तुमचं अपडेट कधी पडलं?”

“मंगळवारी दुपारी.”

मी आप्पांचा मोबाईल पुढे केला. “मोटार सोमवारी सकाळी आठ वाजता लागली. हे बघा, इथं वेळ आहे. तुमचीच आहे.”

सरांनी चष्मा वर सरकवला. 

“बरं सर, आणि सोमवारच्या आधीची ही टोकं?” मी आलेख बोटानं मागे ओढला. “रोज सात-वीस. ही कशाची?”

“नॉइज असतो कधीकधी. सेन्सरचा.”

“तुमच्या नॉइजला घड्याळ कळतं?”

फोटोवाला हसला. आबा मागे खांबाला टेकून उभे होते, ते एकदम आकाशाकडे बघायला लागले.

“आगं, मग बिघडलं काय व्हतं?” आप्पांनी विचारलं.

“मशीन बिघडलंच नव्हतं. जागा चुकली होती. बांधाची माती म्हणजे अख्खं रान नाही, आप्पा. सळया वाफ्यात पाहिजेत. मी सोमवारी हलवल्या, स्टिकर असून. सर, वाफ्यात जाऊन बघा, काही चुकलं असलं तर सांगा.”

सर खरंच वाफ्यात गेले, बूट भरवत. वाकून बघितलं. परत आले तेव्हा चेहऱ्यावरची विक्री उतरली होती. “बरोबर लावलंय,” ते म्हणाले. “आम्हीच वाफ्यात लावायला हवं होतं. जागा कुणी ठरवली होती?”

सगळे बापूसाहेबांकडे बघायला लागले. बापूसाहेब म्हणाले, “चहाचं काय झालं, संपतराव?”

परीक्षा झाली. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कांदा काढला. पात कापून बांधाशी ढीग लावला तेव्हा तीन दिवस आप्पा त्याच्याभोवती फिरत होते. एखादा उचलायचे, हातात फिरवायचे. “आकार जरा बारीक आलाय,” ते म्हणाले. आई म्हणाली, “बारा दिस पानी न्हाई, तरी एवढा आलाय. आता आकारात नका शिरू.” आप्पा ‘बघू’ एवढंच पुटपुटले. आमच्या घरात या शब्दावर कैक गोष्टी वर्षानुवर्षं वाळत पडल्यात.

दुपारी भाकरी खायला सगळे बाभळीखाली बसले. आप्पांनी कांदा बुक्कीनं फोडला. आई ताक ओतत होती. मी हात धुऊन उभीच राहिले.

“आई, आप्पा, ऐका. कांदा निघालाय. मी जूनमध्ये दौंडला जाणार. डिप्लोमाला. तिथल्या मावशीकडं नाही, हॉस्टेलवर राहणार, शनिवारी एसटीनं घरी येणार. अर्ज मी भरणार, त्यावर सही तुमची लागते. आणि हे मी विचारत नाही, सांगतेय.”